धाकटीचा हात

त्या दिवशी मी कारखान्यात गेले ती फक्त खिडकी पुसायला.

कारखाना म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, तीन चकत्या, एक मोरी आणि उत्तरेला भली मोठी खिडकी. आम्ही दगडांना पैलू पाडतो. दगड दांडीच्या टोकाला चिकटवायचा, फिरत्या ओल्या चकतीवर हव्या त्या कोनात टेकवायचा, एकेक पैलू घासून काढायचा आणि मग त्याला चकाकी द्यायची. सांगायला काम एवढंच. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि त्यात दगडाचा खरा रंग कळतो, म्हणून खिडकीपाशी बसेल तो घरातला पहिला हात, अशी आमच्याकडची रीत. आधी सासरे बसायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा ते उठले आणि ती जागा त्यांनी माझ्या धाकट्या जावेला दिली. मी तिच्या आधी सहा वर्षं या घरात आले होते. माझी चकती भिंतीकडे, ट्यूबलाइटखाली.

धाकटी वारून महिना झाला होता. आता खिडकी थोरलीची, असं कुणी म्हणालं नव्हतं, पण बसायला दुसरं उरलं होतं कोण? माझा नवरा आणि दीर तयार दगड विकायला बाहेरगावी हिंडतात, महिन्यातून चार दिवस घरी असतात. सासऱ्यांना चहाचा कप धरायलाही दोन हात लागायचे. तेव्हा मी आपली बादली आणि फडकं घेऊन गेले. खरं सांगते, काच पुसताना मी गाणं गुणगुणत होते.

तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल, पण आता लपवून काय करू? मला धाकटीचा हेवा वाटायचा. ती समोर बसून काम करत असली की माझं लक्ष माझ्या चकतीवर राहायचं नाही. भांडखोर असती तर बरं झालं असतं, चार शब्द बोलून मी मोकळी झाले असते. पण ती पडली गोड. "ताई, तुम्ही आधी चहा घ्या." "ताई, तुमची पाठ भरून आली असेल, मोरी मी धुते." अशा माणसावर चिडायचं तरी कसं? आणि कामाला बसली की तिचा हात बघत राहावा असा. तीन पैलूंच्या कडा एका बिंदूत मिळाव्या लागतात. माझ्या जवळजवळ मिळतात, केसभर इकडे किंवा तिकडे. तिच्या मिळायच्याच.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. तयार झालेला दगड आधी त्यांच्या भिंगाखाली जातो. माझा दगड बघितला की ते म्हणायचे, "चालेल." अकरा वर्षं मी "चालेल" ऐकत आले. धाकटीचा दगड बघितला की काहीच बोलायचे नाहीत. भिंग खाली ठेवायचे, डोळे पुसायचे आणि पुन्हा उचलून बघायचे. त्यांचं ते दुसऱ्यांदा बघणं मला खायला उठायचं. माझा एखादा दगड तरी त्यांनी दुसऱ्यांदा बघावा, एवढंच मला हवं होतं. घर नको, दागिना नको, एवढंच.

खिडकीच्या फळीवर एक कप पालथा घातलेला होता. उचलून पाहिला तर खाली दांडी आणि दांडीवर तिचा राहिलेला दगड.

अॅपेटाइट म्हणतात त्याला. नाव ऐकलं नसेल तर नवल नाही, दागिन्यांच्या दुकानात तो सहसा दिसत नाही. मऊ असतो, अंगठीत बसवला तर वर्षभरात ओरखडे पडतात. पण दगड जमवणारे लोक त्याच्यासाठी जीव टाकतात, कारण त्याचा निळा-हिरवा रंग आतून पेटल्यासारखा दिसतो आणि त्याला पैलू पाडणं भल्याभल्यांना जमत नाही. दाब जरा जास्त झाला की कपची उडते. ऊब लागली की आतून तडकतो, म्हणून बाकीच्या दगडांसारखी गरम लाख त्याला चालत नाही, गार गोंदानं चिकटवावा लागतो. हा वाटाण्याएवढा होता. खालची बाजू पुरी झालेली, वरचे चोवीस पैलू राहिलेले. एका संग्राहकानं तो मुद्दाम धाकटीच्या हातात आणून दिला होता आणि आठ दिवसांनी तो न्यायला येणार होता.

आजारपणात ती याच दगडाचं बोलत राहिली. छातीत पाणी झालं होतं, तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. औषधं मीच द्यायचे, वेळच्या वेळी, त्यात मी कसूर केली नाही, हे कुणीही सांगेल. अगदी शेवटी एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं. बोटं चटका बसावा इतकी तापलेली.

"ताई... तो अर्धा आहे."

"असू दे. तू पड."

"दुसऱ्या कुणी हात नका ना लावू... मी येते. उठले की पुरा करते."

"बरं."

"अर्धं राहिलं की मला झोप लागत नाही हो..."

मी पुन्हा "बरं" म्हटलं. आजारी माणसाला दुसरं काय म्हणायचं?

खिडकी लख्ख झाल्यावर मी दांडी घेऊन बाबांकडे गेले. ते पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते.

"बाबा, हा मी पुरा करते."

त्यांनी दांडीकडे पाहिलं, हातात घेतली नाही. "नको. एकाचं अर्धं काम दुसऱ्यानं उचलू नये. प्रत्येकाच्या हाताचा कोन निराळा असतो. वरचं खालच्याशी जुळत नाही."

"मी जुळवीन."

"ते गृहस्थ येतील, त्यांना आहे तसा देऊ."

"अकरा वर्षं झाली, बाबा. एकदा तरी मला..." पुढचं माझ्याच्यानं बोलवेना.

त्यांनी खुर्चीचा हात चाचपला. मग म्हणाले, "बघ. पण जपून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीपाशी बसले. स्टूल तिच्या मापाचं, माझ्यासाठी बुटकं, गुडघे वर येत होते. तरी मला ते सिंहासनच वाटलं. पहिला पैलू पाडायला चार तास गेले. घासून झाला, पण त्याला चकाकी येईना. मधोमध एक ओरखडा राहिला तो राहिलाच, आणि कड खालच्या कडेशी मिळायच्या आधीच संपत होती. बाबा म्हणाले होते अगदी तसंच. जेवायची वेळ झाली तेव्हा मी दांडी फळीवर ठेवली, कप पालथा घातला आणि दार ओढून घेतलं. आमच्या घरी दोन ते चार सामसूम असते. बाबा पुढच्या खोलीत झोपतात, मी मधल्या.

चार वाजता कप उचलला आणि बघतच राहिले. माझा पैलू आरशासारखा लखलखत होता. ओरखडा गेला होता. शेजारी आणखी दोन पैलू पडले होते आणि तिन्हींच्या कडा एका बिंदूत मिळाल्या होत्या.

मी भिंग लावून पाहिलं, खिडकीकडे पाठ करून पाहिलं, खिडकीकडे तोंड करून पाहिलं. बाबांनी केलं म्हणावं तर त्यांना दांडी धरता येत नव्हती. तिसरं माणूस घरात नव्हतं. चकती ओली होती. स्टुलाखाली फरशीवर थेंब पडले होते, अजून सुकले नव्हते. आणि वास येत होता निलगिरीच्या तेलाचा, अगदी पुसट. शेवटच्या आठवड्यात आम्ही तिच्या छातीला चोळायचो तेच तेल. बाटली मी स्वतः कचऱ्यात टाकली होती.

अशा वेळी माणसानं घाबरायला हवं ना? हातपाय गार पडायला हवेत, तोंडातून शब्द फुटायला नको. माझं तसं काही झालं नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की मेली तरी माझ्यापेक्षा चांगलं करते.

संध्याकाळी मी दगड बाबांपुढे ठेवला. नजर चोरूनच ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी भिंग डोळ्याशी नेलं. खाली ठेवलं. डोळे पुसले. पुन्हा उचललं.

"हे तू केलंस?"

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

ते माझ्याकडे बघत राहिले, घरात नवीन आलेल्या माणसाकडे बघावं तसे. "इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस हे?"

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असणार. त्या रात्री आनंदानं मला जेवण गेलं नाही. चोरीचा माल होता, मला ठाऊक होतं, पण अकरा वर्षांच्या उपाशी माणसानं ताट कुणाचं हे विचारायचं नसतं.

मग तसंच सुरू झालं. आयतं मिळायला लागलं की माणूस किती लवकर सरावतं बघा. सकाळी मी खिडकीपाशी बसून एका फालतू स्फटिकावर चकती चालवायची, बाबांच्या कानावर आवाज पडावा म्हणून. अॅपेटाइटला बोटही लावायचं नाही. जेवण झालं की कप पालथा घालायचा, दार ओढायचं आणि मधल्या खोलीत जाऊन पडायचं. चार वाजता तीन पैलू तयार. रोज तीन, ना एक कमी ना एक जास्त. बाबा संध्याकाळची वाट बघायला लागले. फोनवर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अरे, तुझी बायको छुपी रुस्तम निघाली." नवऱ्यानं ते मला दोनदा सांगितलं, कारण मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

पाचव्या दुपारी वीज गेली. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला, पुढच्या खोलीतला बाबांचा पंखाही थांबला, फ्रिजची घरघर बंद झाली, आणि घर इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. आणि त्या शांततेत मागून एक आवाज येत राहिला. सर्रर्र... ओल्या चकतीचा. मध्येच थांबायचा, मग पाण्याचा एक थेंब टपकल्याचा आवाज, मग पुन्हा सर्रर्र. मोटार विजेवर चालते. मी पडल्या पडल्या छताकडे बघत होते आणि मोजल्यासारखी ऐकत होते.

मी उठले. अनवाणी गेले. दार लोटलं तर निलगिरीचा वास आधी नाकात शिरला, या वेळी पुसट नव्हता, डोळ्यांत पाणी यावं इतका उग्र होता. चकती फिरत होती. दांडी तिच्यावर टेकलेली होती, जराशी उचलली जायची, वळायची, पुन्हा टेकायची. स्टुलावर कुणी नव्हतं. दुपारचा तो पांढरा, स्वच्छ उजेड सगळीकडे पसरला होता, एकही कोपरा अंधारात नव्हता, आणि तरी तिथे कुणी नव्हतं. मला नीट बघायचं होतं. मी दोन पावलं पुढे झाले आणि खिडकीच्या नि चकतीच्या मध्ये उभी राहिले.

चकती मंदावली. कुणीतरी बारीकसं खोकलं, घशात अडकलेलं, तिला शेवटी व्हायचं तसं.

"ताई... उजेड."

मी पटकन बाजूला सरले. विचार करून नाही, सवयीनं. मी आड आले की ती हेच म्हणायची, एवढ्याच हळू, वर न बघता. चकतीनं पुन्हा वेग घेतला.

भिंतीला पाठ लावून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पण भीतीच्याही खाली ते जुनं दुखणं होतंच. ती तिथे माझ्या खिडकीपाशी बसली होती आणि मी पुन्हा भिंतीकडे.

"तू गेलीस ना..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आता तरी मला राहू दे."

सर्रर्र...

"याला तुझं नाव लागणार नाही. माझं लागणार आहे. कळलं का?"

दांडी उचलली गेली, एका पैलूपुरती फिरली आणि पुन्हा टेकली. कामात असली की ती कुणाचं ऐकायचीच नाही. मी दार लावून घेतलं आणि वीज येईपर्यंत मोरीपाशी बसून राहिले.

सातव्या संध्याकाळी एकवीस पैलू झाले होते, तीन राहिले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संग्राहक येणार होता. बाबांनी दगड पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तिसऱ्यांदा पाहिला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता म्हणतील. आता माझं नाव घेऊन म्हणतील.

"अगदी तिचाच हात," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, गेला तो. पण घरातच राहिला. तुझ्यात उतरला."

"बाबा, हे मी केलंय."

"अगं हो, तूच. पण बघ ना, ही कड कशी मिळवलीये. ही तीच. मी त्या गृहस्थांना सांगणार आहे, हे धाकटीचंच काम समजा म्हणून."

त्यांना वाटत होतं ते माझं कौतुक करताहेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलले, चोरी केली, सात दुपारी जीव मुठीत धरून झोपले, आणि एवढं करून त्या दगडावर नाव कुणाचं? तिचंच. मी शंभर दगड असे करून दाखवले असते तरी तिचंच. मी दांडी उचलली, कारखान्यात गेले, लाख तापवायचा स्पिरिटचा दिवा पेटवला आणि दगड ज्योतीत धरला.

फार वेळ लागला नाही. "टच्" असा आवाज आला, नख मोडल्यासारखा. निळ्या-हिरव्याच्या आत एक पांढरी रेघ धावली, मग दुसरी, आणि दगड माझ्या डोळ्यांदेखत चुरा होऊन फळीवर सांडला. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आजही मला आठवतं.

"गोंद सुटत होता," मी बाबांना सांगितलं. "म्हणून जरा ऊब दिली."

ते माझ्याकडे बघत राहिले. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाला शिकणारं पोरसुद्धा अॅपेटाइटला ऊब देत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ते उठले, हळूहळू कारखान्यात गेले आणि थरथरत्या बोटांनी चुरा तळहातावर गोळा करायला लागले. मी मदत करायला वाकले तर म्हणाले, "राहू दे." दुसऱ्या दिवशी संग्राहक आला, तो चुरा बघितला, अर्धा कप चहा घेतला. "किती राहिले होते?" त्यानं विचारलं. "तीन," बाबा म्हणाले. तो गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला गाढ झोप लागली. उशीर झाला म्हणून दचकून जागी झाले तर चार वाजले होते. हनुवटी ओली होती. उशीही ओली. तोंडात मातकट चव होती, ओली पाटी चाटल्यासारखी. आमच्या चकाकीच्या भुकटीची चव तशी असते, काम करताना हात चुकून ओठांना लागला की कळते. मी जीभ फिरवली. वरच्या पुढच्या दाताला ती अडली.

आरसा घेऊन खिडकीपाशी गेले. दाताच्या खालच्या कडेला तीन पैलू होते. सपाट, लखलखीत. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं. तिन्हींच्या कडा एका बिंदूत मिळालेल्या.

दात कशाचा असतो हे दगडाचं काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण मला ते तोवर सुचलं नव्हतं. तो त्याच जातीचा, अॅपेटाइटच्या. जरासा दुधाळ, एवढाच फरक.

मी स्वतःची समजूत काढली. तीन राहिले होते, तीन झाले. तिचं काम पुरं झालं, आता तिला झोप लागेल. त्या रात्री मी मनातल्या मनात तिची माफीही मागितली. दुसऱ्या दुपारी आणखी तीन पडले. तेव्हा मला कळलं की तिच्या हिशेबी हा वेगळाच दगड आहे, आणि तो आत्ता कुठे सुरू झालाय.

दुपारी झोपायचं नाही असं ठरवलं. उभी राहून भांडी घासत होते, चार वाजता ओट्याला टेकून जागी झाले, हनुवटी ओली. घराबाहेर पडून बागेतल्या बाकावर बसले, समोर मुलं खेळत होती, माणसं येत-जात होती. तिथेही डोळा लागला. शेजारी बसलेल्या बाईनं मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडातून पाणी येतंय." ती जरा लांब सरकून बसली.

दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं दिवा वळवला, छोटा आरसा घातला, आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"कुणाकडे करून घेतलंत हे?"

"का?"

"नाही, मी वीस वर्षं हे काम करतोय. एवढं नेमकं..." तो पुन्हा वाकला. "मला तरी जमणार नाही. कोण आहेत ते?"

सांगायला लाज वाटते, पण त्या खुर्चीत आ वासून पडलेली असताना, भीतीनं घामाघूम झालेली असताना, माझ्या मनात पुन्हा तोच हेवा उठला. माझ्याच तोंडात बसून ती माझ्यापेक्षा चांगलं काम करत होती आणि लोक मलाच विचारत होते, कोण आहे म्हणून.

बाबांपासून मी ते पंधरा दिवस लपवलं. हसणं सोडलं, ओठ मिटून बोलायला शिकले. ते तसेही माझ्याशी फारसं बोलत नव्हते. मग एका सकाळी त्यांच्या हातून चहाचा कप निसटला आणि मी "भाजलं का?" म्हणत धावले. खिडकीतला उजेड माझ्या तोंडावर पडला. त्यांनी सांडलेल्या चहाकडे बघितलंच नाही.

"इकडे ये."

त्यांनी मला कारखान्यात नेलं, खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि भिंग काढलं.

"आ कर."

त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. भिंग एकाच हातात धरलं होतं, आणि तो हात थरथरत नव्हता. कितीतरी वेळानं त्यांनी ते खाली ठेवलं. डोळे पुसले. पुन्हा उचललं.

"बाबा... मला भीती वाटते."

"हं."

"थांबवा ना हे. तुमचं ती ऐकेल... तुमचं ऐकायची."

त्यांनी भिंगाखालून नजर काढली नाही. "अजून अर्धं आहे," ते म्हणाले.

तेव्हापासून ते रोज सकाळी मला हाक मारतात. आता खिडकीपाशी दुसरं कुणी बसत नाही. माझा नवरा घरी आला की म्हणतो, बाबांची तब्येत किती सुधारली, कारखान्यात काय जातात, कप एका हातानं काय धरतात. मी मान हलवते. तोंड उघडून त्याला काही दाखवायची हिंमत मला झालेली नाही. दाखवलं आणि तोही डोळे पुसून पुन्हा बघायला लागला तर?

काल सकाळी बाबांनी भिंग बाजूला ठेवलं आणि अंगठा माझ्या गालाच्या हाडावर टेकवला. मी रात्रीच आरशात बघितलं होतं. कातडीवर ओरखडा नाही, डाग नाही, सूज नाही. पण खालचं हाड सपाट लागतं, आणि ते सपाट जिथे संपतं तिथे कड लागते. हाडही त्याच जातीचं असतं, हे आता मला कुणी सांगायला नको. बाबांचा अंगठा त्या कडेवरून हळूहळू सरकत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"दुखतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हलू नकोस," ते म्हणाले, आणि माझी हनुवटी धरून चेहरा जरासा वळवून घेतला.